गाठीचं वजन आणि माणसाचा पत्ता

मागच्या भागात आपण एक्स-रेच्या फिल्मवर फुप्फुसातला डाग कसा दिसायला लागला ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. डाग दिसला, सुईनं तुकडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कॅन्सर आहे असं ठरलं. मग घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा थोरला मुलगा नाहीतर जावई, डॉक्टरांना व्हरांड्यात गाठतो आणि हळूच विचारतो, "साहेब, किती दिवस धरून चालायचं?"

हा प्रश्न नुसत्या काळजीपोटी आलेला नसतो. शेताचा तुकडा विकायचा का, मुलीचं लग्न अलीकडे घ्यायचं का, पेशंटला मुंबईला न्यायचं की इथंच करायचं, हे सगळं त्या उत्तरावर अडलेलं असतं. डॉक्टर सहसा हात राखून बोलतात. पण ते जे काही सांगतात, त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांची एक खटपट आहे. गाठीतल्या पेशींचा डीएनए मोजायचा आणि त्यावरून माणूस किती जगेल याचा अंदाज बांधायचा, अशी ती खटपट.

तिचे दोन भाग आहेत. पहिला यंत्रांचा. तो घडला जर्मनी, स्वीडन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात. दुसरा भाग माणसांचा माग ठेवण्याचा. आपल्या देशात तो जिथे घडला त्यातलं एक ठिकाण म्हणजे मी राहते ते बेंगळुरू, आणि दुसरं आपल्या सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. पुस्तकांत पहिला भाग भरभरून येतो, दुसरा तळटीपेत जातो. आज मी दुसऱ्याला जास्त वेळ देणार आहे. पण पहिला थोडा सांगितल्याशिवाय दुसऱ्याचं महत्त्व कळायचं नाही.

१८९० साली डाव्हिड फॉन हान्सेमान या जर्मन पॅथॉलॉजिस्टला कॅन्सरच्या पेशी विभागताना वेड्यावाकड्या विभागतात असं दिसलं. निरोगी पेशी विभागते तेव्हा गुणसूत्रांची वाटणी दोन भावांत शेत मोजून वाटावं तशी सारखी होते. कॅन्सरच्या पेशीत एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी. पुढे थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री साळूच्या अंड्यांवर केलेल्या प्रयोगांच्या आधारे १९१४ मध्ये मांडलं की गुणसूत्रांचा हा बिघडलेला हिशोब हेच कॅन्सरचं मूळ असावं. त्या वेळी माणसाच्या पेशीत गुणसूत्रं नेमकी किती, हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. ४६ हा आकडा पक्का व्हायला १९५६ साल उजाडलं. म्हणजे बरोबर किती हे माहीत नसताना चूक ओळखायची होती.

इथे मोजणं कामाला आलं. गुणसूत्रं एकेक करून मोजणं कठीण, पण पेशीत एकूण डीएनए किती हे मोजता आलं तर? १९२४ साली रॉबर्ट फॉयल्गेन यांनी एक रंगक्रिया प्रसिद्ध केली. तिच्यात डीएनए किरमिजी रंगतो, आणि जितका डीएनए जास्त तितका रंग गडद. पुढच्या दशकात स्टॉकहोममध्ये टॉर्बियॉर्न कास्पेरसॉन यांनी पेशीतून जंतुनाशक दिव्यासारखा अतिनील प्रकाश सोडून किती प्रकाश शोषला जातो ते मोजलं. निरोगी माणसाच्या पेशीत साधारण साडेसहा पिकोग्रॅम डीएनए असतो. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. कॅन्सरच्या पेशींत हा आकडा बऱ्याचदा वेगळा निघायचा. अडचण एकच होती. एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरून मोजायची, म्हणजे दिवसभरात शे-दोनशे पेशी झाल्या तरी खूप.

ही अडचण सुटली ती १९६५ नंतर. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत मॅक फुलवायलर यांनी पेशींना एका बारीक धारेतून एकामागे एक पळवलं. धारेचे थेंब करण्याची युक्ती त्यांनी शाईचे थेंब उडवणाऱ्या छपाईच्या तंत्रातून उचलली होती. तीन वर्षांनी जर्मनीत म्युन्स्टर इथे वोल्फगांग गोडे आणि डिट्रिश यांनी पेशींना चमकणारा रंग देऊन प्रत्येक पेशीची चमक मोजणारं यंत्र केलं. यालाच आज आपण फ्लो सायटोमीटर म्हणतो.

तो काय करतो, ते समजायला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चला. उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक काट्यावर चढतात, प्रत्येकीचं वजन नोंदलं जातं, ट्रॉली पुढे सरकते. फ्लो सायटोमीटरमध्ये ट्रॉलीच्या जागी पेशी आणि वजनाच्या जागी चमक. काही मिनिटांत हजारो पेशी काट्यावरून जातात. मग आलेख काढायचा. निरोगी पेशींचा एक उंच सुळका येतो. विभागायच्या बेतात असलेल्या पेशींत डीएनए दुप्पट झालेला असतो, त्यांचा लहान सुळका दुप्पट वजनावर येतो. आणि गाठीतल्या पेशींचा हिशोब बिघडलेला असेल तर या दोन्हींमध्ये कुठेतरी, दीडपट-पावणेदोनपटीला, तिसराच सुळका उभा राहतो. पॅथॉलॉजीच्या भाषेत अशी गाठ अन्यूप्लॉइड. हिशोब जागेवर असेल तर डिप्लॉइड.

आता काट्याची मर्यादाही ऐकून ठेवा, कारण पुढे ती लागणार आहे. वजनकाटा ऊस किती ते सांगतो. उतारा किती पडेल ते सांगत नाही.

तर यंत्र मिळालं, पण जगण्याचा अंदाज बांधायचा तर वेळ लागणार. आज गाठ मोजायची आणि पाच वर्षं थांबायचं, मग बघायचं कोण राहिलं, कोण गेलं. १९८३ साली सिडनीत डेव्हिड हेडली आणि सहकाऱ्यांनी यातून एक वाट काढली, आणि या सगळ्या कथेतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. रुग्णालयात काढलेला प्रत्येक तुकडा मेणात बसवून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. पॅथॉलॉजी विभागांच्या कपाटांत असे ब्लॉक वर्षानुवर्षं पडून असतात. आपल्याकडे टाटा मेमोरियलमध्ये १९४१ पासून डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी प्रयोगशाळा उभी केली तेव्हापासून हीच रीत. हेडलींनी काय केलं, तर जुन्या ब्लॉकचा नेहमीपेक्षा जाड काप घेतला, मेण विरघळवलं, पाण्यात भिजवला आणि पेप्सिन हे पोटातलं पाचकद्रव्य वापरून मांस पचवून टाकलं. केंद्रकं तेवढी सुटी झाली. ती रंगवून यंत्रातून सोडली. काप जाड का? पातळ कापात केंद्रकं सुरीखाली अर्धी होतात आणि अर्ध्या ट्रॉलीचं वजन चुकीचंच येणार.

याचा अर्थ काय झाला बघा. दहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या माणसाची गाठ आज मोजता येऊ लागली, आणि तो माणूस जगला की गेला हे आधीच ठाऊक. पाच वर्षं थांबण्याची गरज राहिली नाही.

मग लाट आली. हायडेलबर्गमध्ये मानफ्रेड फोल्म यांचा गट फुप्फुसाच्या गाठींचा डीएनए मोजतच होता. १९८७ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधून पॉल झिमरमन आणि सहकाऱ्यांचा निबंध लॅन्सेटमध्ये आला. फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या गाठी त्यांनी मोजल्या होत्या. ज्यांच्या गाठी डिप्लॉइड, ते जास्त काळ जगले. ज्यांच्या अन्यूप्लॉइड, ते लवकर गेले. व्हरांड्यातल्या प्रश्नाला पहिल्यांदाच यंत्रातून निघालेलं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं.

आता क्षणभर यंत्र बाजूला ठेवू. ब्रिस्बेनच्या त्या निबंधात दोन गोष्टी लागल्या होत्या. एक, मेणाचा ब्लॉक. दुसरी, त्या ब्लॉकच्या मालकाचं पुढे काय झालं याची खात्रीची नोंद. निबंधात जगण्याचा जो उतरता जिना काढतात, तो काढायची रीत १९५८ची. एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर ही दोन नावं त्याला चिकटलेली आहेत. मजा अशी की कॅप्लन तेव्हा बेल लॅब्जमध्ये टेलिफोनच्या तारांमधल्या निर्वात नळ्या किती टिकतात याचा विचार करत होते आणि मायर कॅन्सरच्या रुग्णांचा. दोघांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच गोष्ट लिहिली होती. संपादकांनी त्यांना एकत्र बसवलं.

त्यांच्या रीतीचं मर्म असं की ज्याचा माग मधेच तुटला, त्यालाही हिशोबात घेता येतं. गणपतरावांना आपण दोन वर्षं भेटत होतो आणि मग ते यायचे थांबले. ती दोन वर्षं जमेस धरायची आणि त्यानंतर त्यांना हिशोबातून सोडून द्यायचं. पण यात एक अट लपलेली आहे. जे यायचे थांबले, त्यांचं पुढचं नशीब येत राहिलेल्यांसारखंच असलं पाहिजे. मरणाची नोंद आपोआप एका केंद्रात जमा होते अशा देशात ही अट बऱ्यापैकी पाळली जाते. आपल्याकडे? आपल्याकडे पेशंट का यायचा थांबतो, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. पैसे संपले, अंगात त्राण उरलं नाही, घरी नेऊन ठेवला, आणि गेला. कळवायला कोण जाणार? तेराव्याच्या गडबडीत रुग्णालयाची फाइल कुणाला आठवते?

म्हणजे फाइलमध्ये जो 'शेवटचा भेटला तेव्हा हयात' आहे, तो बऱ्याचदा हयात नसतो. हे नुसतं माझं म्हणणं नाही. चेन्नईच्या कॅन्सर संस्थेतले आर. स्वामिनाथन, आर. रमा आणि डॉ. व्ही. शांता यांनी २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत हे आकड्यांनिशी दाखवलं. घरोघर माग न काढता नुसत्या कागदांवर विसंबलं, तर जगणाऱ्यांचं प्रमाण फुगून दिसतं.

आता बेंगळुरूला येऊ. होसूर रोडवर निम्हान्सला लागून किदवई मेमोरियल इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजी आहे. रफी अहमद किदवई या केंद्रीय मंत्र्यांचं नाव तिला दिलेलं. संस्था १९७३ची, १९८० पासून प्रादेशिक कॅन्सर केंद्र. बेळगाव, बिदर, कलबुर्गी, विजापूर इकडची मराठी कुटुंबं रात्रीच्या गाडीनं सकाळी इथे उतरतात. तुमच्यापैकी काहींना ते आवार चांगलं ठाऊक असेल.

१९८१-८२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रम सुरू केला. लोकसंख्येवर आधारलेल्या तीन नोंदण्या ठरल्या: मुंबई, मद्रास आणि बेंगळुरू. मुंबईची आधीपासून, १९६३ पासून, डॉ. जस्सावाला यांच्या इंडियन कॅन्सर सोसायटीनं चालवलेली होती. बेंगळुरूची १९८२च्या जानेवारीत किदवईमध्ये सुरू झाली. डॉ. ए. नंदकुमार यांनी ती बरीच वर्षं सांभाळली आणि पुढे सगळ्या देशाच्या नोंदणीचं काम त्यांच्याकडे आलं. त्या कामाचं राष्ट्रीय केंद्रही आज बेंगळुरूतच आहे.

नोंदणी म्हणजे नेमकं काय, तर कॅन्सरचे रुग्ण आपणहून कुणी कळवत नाही, म्हणून नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांत, नर्सिंग होममध्ये, पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्वतः जातात. केसपेपर वाचतात, फॉर्म भरतात. महापालिकेच्या मृत्यूच्या वह्या चाळतात. एकच माणूस दोन रुग्णालयांत दोनदा नोंदला गेला असेल तर तो ओळखून एक करतात. ऐकायला सोपं आहे. पण नावं बघा. कर्नाटकात आडनावाच्या जागी आद्याक्षरं चालतात. एका वहीत 'के. मंजुनाथ', दुसरीत 'मंजुनाथ के. आर.', तिसरीत नुसतं 'मंजुनाथ'. यातले दोन एकच आहेत की तिन्ही वेगळे?

आणि मग पत्ता. बेंगळुरूचा पत्ता म्हणजे अमुक मेन, तमुक क्रॉस, स्टेज आणि ब्लॉक. मी नवी असताना एकाच भागात एकाच क्रमांकाचे दोन क्रॉस शोधत फिरले आहे. त्यात हे शहर वाढत गेलं, बैठी घरं पाडून मजले चढले, भाडेकरू हलले. वर आणखी एक गुंता आपल्याच लोकांचा. बेळगावहून उपचाराला आलेला माणूस फॉर्मवर बेंगळुरूतल्या भाच्याचा पत्ता देतो. त्यात गैर काही नाही, पत्र तरी नीट मिळेल. पण नोंदणीला तो शहरातला रहिवासी की पाहुणा हे ठरवावं लागतं. नियम असा की किमान वर्षभर त्या भागात राहिलेला असला तरच तो तिथला. नाहीतर बेंगळुरूत कॅन्सर आहे त्यापेक्षा जास्त दिसायचा आणि बेळगावात कमी.

हे सगळं झाल्यावर माग काढायचं काम. पत्रं टाकायची, फोन करायचा, मृत्यूच्या नोंदींशी नावं जुळवायची, आणि तरीही कळलं नाही तर घरी जायचं. दारावर टकटक करून विचारायचं, "अमुक अमुक इथे राहायचे ना? कसे आहेत?" हा प्रश्न परक्याच्या दारात उभं राहून विचारून बघा. समोरचा माणूस काय म्हणतो यावर ओळीच्या शेवटच्या रकान्यात नोंद होते: हयात, मृत, किंवा पत्ता लागला नाही.

बार्शीत हेच काम गावपातळीवर झालं. डॉ. नेने यांच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयात १९८७ साली नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम असे तीन तालुके. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. मुंबईची रीत इथे चालणार नव्हती, कारण गावात लॅबच नाही तर लॅबमध्ये जाऊन वाचणार काय? म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले, पारावर माणसं जमवून कॅन्सरची लक्षणं समजावली, कुणाला अशी तक्रार आहे का विचारलं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा गेले. गावाचा फायदा असा की पत्ता हरवत नाही. कोण गेलं, कधी गेलं, दारूनं गेलं की छातीच्या दुखण्यानं, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. शहराला ते नसतं.

१९९८ साली ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं विकसनशील देशांतल्या कॅन्सर रुग्णांच्या जगण्यावर एक ग्रंथ काढला. त्यात भारताच्या चार नोंदण्या होत्या: बेंगळुरू, बार्शी, मुंबई, मद्रास. दिल्ली नाही, कलकत्ता नाही, पण बार्शी आहे. बार्शीकरांनो, हे तुमच्या गावाबद्दल किती जणांना सांगता तुम्ही?

या दोन कामांची, म्हणजे गाठ मोजण्याची आणि माणूस शोधण्याची, आपल्याकडे गाठ पडली का? फुप्फुसाच्या बाबतीत फारशी नाही, आणि त्याची कारणं यंत्राच्या किमतीपेक्षा खोल आहेत. ब्रिस्बेनचे रुग्ण ऑपरेशन झालेले होते. पूर्ण गाठ हाताशी होती. आपल्याकडे फुप्फुसाचा कॅन्सर बहुतेक वेळा ऑपरेशनच्या पलीकडे गेल्यावर सापडतो. खोकला आणि छातीतला डाग दिसला की आधी टीबीची औषधं सुरू होतात, त्यात महिने जातात. मग हाताला लागतो तो सुईनं काढलेला धाग्याएवढा तुकडा. त्यातून निदान होईस्तोवरच तो संपत येतो, वजनकाट्याला हजारो पेशी कुठून द्यायच्या? २०१८ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या कॉनकॉर्ड या जागतिक अभ्यासात भारतीय नोंदण्यांमधून निघालेलं फुप्फुसाच्या कॅन्सरचं पाच वर्षांचं जगणं शेकडा एक आकडीच होतं. इथे डिप्लॉइड-अन्यूप्लॉइडचा फरक शोधायचा तरी कुणात?

शिवाय तोवर परदेशातही वजनकाट्याचं तेज उतरलं होतं. ब्रिस्बेननंतर डझनावारी निबंध आले. काहींना फरक दिसला, काहींना नाही. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतून दोन आकडे यायचे. प्रत्येक लॅबची सुळका ओळखण्याची पद्धत निराळी. १९९६ साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपुरतं जाहीर केलं की या चाचणीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. फुप्फुसासाठी फ्रान्समधल्या माँपेलिएच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ३५ अभ्यास आणि चार हजारांवर रुग्ण एकत्र केले. निष्कर्ष झिमरमन यांच्या बाजूनं गेला. अन्यूप्लॉइड गाठवाले खरंच कमी जगतात. पण एव्हाना डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. कमी जगणार हे कळलं, मग मी करू काय? अन्यूप्लॉइडला वेगळं औषध नव्हतं. वजन कळलं, उताऱ्याचं काय?

२००४ साली अमेरिकेतल्या दोन-तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की काही फुप्फुसाच्या गाठींत ईजीएफआर नावाच्या जनुकात ठरावीक बदल असतो आणि त्या रुग्णांना जेफिटिनिब ही गोळी लागू पडते. आता ट्रॉलीचं वजन करण्यापेक्षा ट्रॉलीतला ऊस कुठल्या जातीचा हे बघायचं होतं. नवी मुंबईत खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये अमित दत्त यांच्या गटानं टाटा मेमोरियलच्या नऊशेवर रुग्णांच्या गाठी तपासून २०१३ मध्ये सांगितलं की भारतीय रुग्णांत हा बदल शेकडा तेविसांमध्ये सापडतो. गोऱ्या लोकांपेक्षा जास्त, चीन-जपानपेक्षा कमी. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत त्याचं प्रमाण अधिक. 'आयुष्यात तंबाखूला शिवले नाहीत, मग हे कसं' असं विचारणाऱ्या घरांना निदान एक धागा मिळाला.

आणि मग टाटामध्येच दोन्ही कामं एकत्र आली. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी ईजीएफआर बदल असलेल्या ३५० रुग्णांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटाला नुसती जेफिटिनिब, दुसऱ्याला जेफिटिनिबबरोबर केमोथेरपी. पहिल्या गटात आजार पुन्हा उचल खाईपर्यंतचा मध्यक काळ ८ महिने, दुसऱ्यात १६. एकूण जगण्याचा मध्यक पहिल्या गटात १७ महिने. दुसऱ्यात तो मोजताच आला नाही, कारण निकाल काढेपर्यंत त्यातले निम्म्याहून अधिक जण हयात होते. मध्यक म्हणजे काय, तर रांगेत मधोमध उभा असलेला माणूस. १७ महिने याचा अर्थ निम्मे त्याच्या आत गेले, निम्मे त्यापुढे जगले. व्हरांड्यात 'दीड वर्ष' ऐकून जो घरी जातो, त्याला बहुधा हे कुणी फोड करून सांगत नाही. तो कॅलेंडरवर खूण करून ठेवतो.

हा अभ्यास झाला तो ३५० जणांचा माग सुटू न दिल्यामुळे. गोळीचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहिलं. फोन करणाऱ्यांची नावं राहायची पद्धत नाही.

बेंगळुरूत यंत्रांची बाजू २००० नंतर झपाट्यानं आली. भारतीय विज्ञान संस्थेतल्या चार प्राध्यापकांनी स्ट्रँड ही कंपनी २००० साली काढली. विजय चंद्रू आणि स्वामी मनोहर ही त्यातली नावं सिंप्युटर या स्वस्त संगणकामुळे काहींना आठवत असतील. पुढे मेडजीनोम आली. तिच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये रक्तातून ईजीएफआर बदल पकडण्याच्या चाचणीची पडताळणी प्रसिद्ध केली. मरणाऱ्या पेशींमधला डीएनए रक्तात सुटतो, तो गाळून वाचायचा. ज्यांच्या फुप्फुसात पुन्हा सुई घालणं जड जातं, त्यांच्यासाठी ही मोठी सोय. धाग्याएवढ्या तुकड्याची जी अडचण मघाशी सांगितली, तिला यानं बगल दिली.

आणि गंमत बघा, वजनकाटा मोडीत निघाला असं वाटत असताना तो परत आला. लंडनच्या चार्ल्स स्वांटन यांच्या गटानं ट्रेसरेक्स नावाचा अभ्यास सुरू केला. ऑपरेशन झालेल्या गाठीचे अनेक तुकडे करून प्रत्येकाचा डीएनए वेगळा वाचायचा आणि त्या माणसाला वर्षानुवर्षं भेटत राहायचं. पहिल्या शंभर रुग्णांचा अहवाल २०१७ मध्ये आला. एकेका अक्षराच्या चुका गाठीत किती विखुरल्या आहेत, याचा पुढच्या जगण्याशी संबंध दिसला नाही. गुणसूत्रांचे तुकडेच्या तुकडे कुठे जास्त, कुठे कमी, हा गोंधळ ज्यांच्या गाठीत जास्त, त्यांना आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका जास्त. हान्सेमान यांना १८९० मध्ये जे वेडंवाकडं वाटप दिसलं होतं, तेच हे. एका गाठीच्या दोन कोपऱ्यांतून दोन आकडे येतात म्हणून जुने लोक वैतागायचे. त्या दोन आकड्यांतला फरक हीच कामाची माहिती होती.

पण ते शंभर जण ब्रिटनमधले आहेत, आणि ऑपरेशनपर्यंत पोचलेले आहेत. बेंगळुरूच्या लॅबचा रिपोर्ट हातात घेऊन कुणी विचारलं की या आकड्याचा अर्थ माझ्या वडिलांसाठी काय, तर उत्तर देताना डॉक्टरांना बहुतेक वेळा दुसरीकडच्या माणसांचं आयुष्य उसनं घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे आता कमतरता यंत्रांची राहिलेली नाही. लॅबच्या रिपोर्टवरचा माणूस आणि नोंदणीच्या वहीतला माणूस एकच आहे हे जुळवून देणाऱ्या हातांची आहे. पगार थोडा, उन्हातान्हात फिरणं, आणि दारात कुणी रडायला लागलं तर तिथेच थांबणं. अशा कामावर पैसे लावायला कुणी पटकन तयार होत नाही. लॅबच्या उद्घाटनाला मंत्री येतात, पत्ते शोधण्याच्या मोहिमेला कोण येणार?

मोबाईलनं काम थोडं हलकं केलं आहे. पण नंबर बदलतो, सिम मुलाच्या नावावर असतं, आणि अनोळखी नंबर आजकाल कुणी उचलत नाही. ज्यांच्या घरी हे होऊन गेलं आहे त्यांना कदाचित असा एखादा फोन आलाही असेल, वर्षभरानं, दोन वर्षांनी, आणि वाटलं असेल की आता ह्यांना काय करायचंय.

मी फुप्फुसाच्या कॅन्सरवरचा कुठलाही नवा निबंध उघडते तेव्हा जिना किती उंच आहे हे नंतर पाहते. आधी शेवटच्या रकान्यातली तिसरी नोंद शोधते: पत्ता लागला नाही, असे किती?